गुडघ्याच्या लिगामेंटचा एमआरआय: रत्नागिरीतील एका निदान केंद्राचे परीक्षण

गुडघ्यातील लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा घट्ट पट्टा, तुटली आहे, अर्धवट फाटली आहे की नुसती ताणली गेली आहे, हे खात्रीने कळण्यासाठी कोकणातील रुग्णाला बरीच वर्षे आंबा घाट चढून कोल्हापूरला, रेल्वेने मुंबईला किंवा सिंधुदुर्गातून खाली उतरून गोव्यातील बांबोळीला जावे लागत असे. सुजलेला गुडघा घेऊन घाटातून केलेला प्रवास काय असतो, हे ज्यांनी केला आहे त्यांना सांगायला नको. रत्नागिरी शहरातील एका खाजगी निदान केंद्रात गुडघ्याच्या एमआरआयची जी सेवा मिळते, तिचे हे परीक्षण आहे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो: तपासणीचा दर्जा उत्तम आहे, अहवाल मनापासून लिहिलेला असतो, आणि लिगामेंटच्या दुखापतीसाठी निदानापुरते जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज मला आता वाटत नाही. केंद्राचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण माझे काही आक्षेपही आहेत, आणि ज्या निकषांवर मी हे मत बनवले ते वाचकाला आपल्या जवळच्या कोणत्याही केंद्राला लावून पाहता येतील.

मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि गावच्या कबड्डी मंडळाच्या सरावाची जबाबदारी सांभाळतो. त्यामुळे दुखावलेले गुडघे मी पुष्कळ पाहतो. चढाई करणारा खेळाडू बोनस रेषेपाशी पाय रोवून एकदम मध्यरेषेकडे वळतो, पाऊल मातीत रुतलेले राहते आणि वरचे शरीर फिरते. किंवा बचावपटूने घोटा धरलेला असताना तो पाय सोडवण्यासाठी झटका देतो. या दोन्ही प्रसंगी सगळा पीळ गुडघ्यावर येतो. खेळाडूंखेरीज पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून घसरलेले, लावणीच्या चिखलात पाय अडकून पडलेले आणि शिमग्यात पालखी नाचवताना तोल गेलेले लोकही असतात. यातील बहुतेक जण आधी तेल लावून चोळून घेतात, पट्टी बांधतात आणि सूज उतरली की बरे झाले असे समजून कामाला लागतात. गुडघ्यातील पुढची क्रूसिएट लिगामेंट, जिला डॉक्टर आणि आता आमची मुलेही एसीएल म्हणतात, ती तुटली तरी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते आणि माणूस सरळ रस्त्यावर चालूही लागतो. पुढे कधीतरी वळताना गुडघा दगा देतो, आणि दर वेळी तो दगा देताना आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, थोडी थोडी फाटत जाते. म्हणून निदान वेळेवर आणि नेमके होण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

या केंद्रात मी आमच्या मंडळाच्या काही मुलांना घेऊन गेलो आहे, पण सविस्तर लिहावे असा अनुभव माझ्या पुतण्याचा आहे, कारण त्याच्या एकाच गुडघ्याचे थोड्या अंतराने दोन ठिकाणी एमआरआय झाले आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहता आले. प्रकाशझोतातील एका सामन्यात चढाई करताना त्याचा डावा गुडघा आतल्या बाजूला वळला, आतून काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला आला आणि रात्र संपायच्या आत गुडघा टम्म फुगला. दुखापतीनंतर काही तासांतच एवढी सूज येणे म्हणजे सांध्यात रक्त साचल्याची खूण असते, आणि खेळाडूच्या बाबतीत त्यामागे बहुतेकदा एसीएलच असते. एक्स-रे काढला तो स्वच्छ आला. त्यात नवल काही नाही, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. एसीएल तुटताना कधी कधी नडगीच्या हाडाच्या बाहेरील कडेचा छोटा टवका उडतो, त्याला सेगाँडचे फ्रॅक्चर म्हणतात, आणि तो एक्स-रेवर सापडला तर आत मोठे नुकसान झाल्याचा तो भक्कम पुरावा मानला जातो. पण तो फारच थोड्या रुग्णांत असतो.

पहिला एमआरआय घराजवळ पडेल म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ०.३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची शक्ती मोजण्याचे एकक) उघड्या यंत्रावर केला. बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांना आणि स्थूल रुग्णांना अशी यंत्रे सोयीची वाटतात, खर्चही कमी येतो, आणि पाठीच्या किंवा गुडघ्याच्या ढोबळ तक्रारींसाठी त्यांचा उपयोगही होतो. परंतु मिळणारा संकेत चुंबकाच्या शक्तीबरोबर वाढतो, त्यामुळे दुबळ्या चुंबकावर एक तर काप, म्हणजे सांध्याचे एकेक थर दाखवणारी चित्रे, जाड घ्यावे लागतात किंवा रुग्णाला फार वेळ स्थिर ठेवावे लागते. पुतण्याच्या फिल्मवर कापांची जाडी पाच मिलिमीटर छापलेली होती. एसीएलची रुंदी साधारण सात ते बारा मिलिमीटर असते, म्हणजे पाच मिलिमीटरच्या कापांत ती जेमतेम दोन चित्रांत येणार. अहवालात लिहिले होते: एसीएलमध्ये वाढलेला संकेत (म्हणजे ती चित्रात नेहमीपेक्षा उजळ दिसते), अर्धवट फाटल्याची शक्यता, वैद्यकीय तपासणीशी पडताळून पाहावे. एवढ्या वाक्यावर शस्त्रक्रिया करायची की पट्टा बांधून थांबायचे, हे कोणीही ठरवू शकत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याला टेबलावर झोपवून लॅकमन चाचणी केली, म्हणजे गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून मांडी एका हाताने घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिली. निरोगी गुडघ्यात नडगी थोडी सरकून ठणकन थांबते; येथे ती थांबतच नव्हती. अनुभवी हातांनी केलेली ही चाचणी एसीएलच्या निदानात यंत्राच्या जवळपास जाते, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण एमआरआयचा कागद हातात आला की प्रत्यक्ष तपासणीचे महत्त्व लोक विसरतात. डॉक्टरांना एसीएल पूर्ण तुटल्याची जवळजवळ खात्री होती. त्यांना हवे होते ते वेगळेच: आतल्या बाजूच्या मेनिस्कसचा मागचा भाग शाबूत आहे का, गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील लहान लिगामेंट टिकल्या आहेत का, आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, कितपत दुखावली आहे. हे सगळे त्यांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले. नुसते ‘एमआरआय गुडघा’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी आणि ही चिठ्ठी यांत किती फरक पडतो, ते पुढे दिसले.

रत्नागिरीच्या केंद्रात वेळ फोनवर मिळाली. वेळ देतानाच तिथल्या बाईंनी चिठ्ठीचा फोटो मागवून घेतला, आधी काही शस्त्रक्रिया झाली आहे का, शरीरात प्लेट, स्क्रू, पेसमेकर किंवा कानातील इम्प्लांट आहे का, आणि कधी वेल्डिंगचे किंवा लेथवरचे काम केले आहे का, असे विचारले. शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो, पण डोळ्यात रुतून राहिलेला लोखंडाचा बारीक कण या चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. आमच्याकडे बोटींच्या इंजिनांवर आणि गॅरेजमध्ये काम करणारी मुले पुष्कळ असल्याने हा प्रश्न विचारला जाणे मला फार समाधानाचे वाटले.

येथील यंत्रासारखा १.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा तीस हजार पटींहून अधिक शक्तिशाली असतो, आणि तो तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला होता, ती बातमी अनेकांना आठवत असेल. या केंद्रात दाराबाहेर धातू तपासण्याची शिस्त कडक आहे. माझ्या वहिनी मुलासोबत आत थांबू इच्छीत होत्या, तेव्हा तंत्रज्ञाने त्यांना शांतपणे सांगितले, “काकू, मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना सगळं इथे डब्यात काढून ठेवा. जोडवी निघत नसतील तर तुम्ही काचेपलीकडे बसा, तिथून तो तुम्हाला दिसेल.” वहिनींना मंगळसूत्र काढणे जड जात होते, त्याने घाई केली नाही की आवाज चढवला नाही, पण सवलतही दिली नाही. अशी वागणूक मला आदर्श वाटते.

आता तपासणीविषयी. गुडघ्यासाठी येथे स्वतंत्र कॉइल आहे, म्हणजे गुडघ्याभोवती चहूबाजूंनी बसणारा, अनेक अँटेना असलेला साचा. काही ठिकाणी अंगावर टाकण्याची लवचीक कॉइलच गुडघ्याला गुंडाळून काम भागवतात. त्याने चित्र येते, पण कडांना ते दाणेदार होते. तंत्रज्ञाने पाऊल किंचित बाहेरच्या बाजूला वळवून गुडघा अगदी थोडा वाकलेला ठेवला, भोवती स्पंजच्या उशा दाबून बसवल्या, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले आणि पुतण्याला सांगितले, “खोकला आला तर आधी बेल दाब, पण पाय हलवू नकोस. शेवटचा स्कॅन सगळ्यात लांब आहे, तो हलला तर पहिल्यापासून घ्यावा लागेल.” सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आसपास लागले. लिगामेंटसाठी शिरेतून गॅडोलिनियमचे औषध द्यावे लागत नाही, आणि ते दिलेही नाही.

पाऊल बाहेर वळवण्यामागे कारण आहे. एसीएल गुडघ्यात सरळ उभी नसते. नडगीच्या हाडाच्या पुढच्या भागातून निघून ती मागे, वर आणि बाहेरच्या दिशेने तिरकी जाऊन मांडीच्या हाडाच्या बाहेरील गोलाकार टोकाच्या आतल्या भिंतीला चिकटते. तिरका ताणलेला दोर सरळ उभ्या सुरीने कापत गेल्यास प्रत्येक कापात त्याचा तुकडा येतो, सबंध लांबी कधीच येत नाही. एमआरआयच्या सरळ उभ्या कापांत एसीएलचे तसेच होते. पाऊल बाहेर वळवल्याने ती कापांच्या रेषेत थोडी येते. याखेरीज आणखी दोन उपाय असतात आणि या केंद्रात दोन्ही वापरले. पहिला म्हणजे नेहमीच्या तीन दिशांखेरीज एसीएलच्या रेषेला समांतर असे तिरके काप घेणे. त्यामुळे तिचे दोन पदर, पुढचा-आतला आणि मागचा-बाहेरचा, वेगवेगळे पाहण्याची शक्यता वाढते आणि अर्धवट फाटलेली लिगामेंट ओळखण्यास मदत होते. दुसरा उपाय म्हणजे थ्रीडी तपासणी, जिला सीमेन्सच्या यंत्रावर स्पेस, जीईच्या यंत्रावर क्यूब आणि फिलिप्सच्या यंत्रावर व्हिस्टा म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत काप तीन मिलिमीटर जाडीचे असतात आणि प्रत्येक दिशेसाठी वेगळा स्कॅन करावा लागतो. थ्रीडीत सुमारे ०.६ मिलिमीटरचे, सर्व बाजूंनी सारखे कण एकदाच टिपले जातात आणि मग रेडिओलॉजिस्ट, म्हणजे चित्रे वाचून अहवाल लिहिणारा डॉक्टर, संगणकावर हव्या त्या कोनातून नवा काप तयार करू शकतो. मेनिस्कसची मुळे, मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील बारीक तंतू, वाटीला आतून धरून ठेवणारी लिगामेंट यांसाठी याचा फायदा होतो.

थ्रीडीचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा स्कॅन पाच-सात मिनिटांचा असतो, मधे एकदा पाय हलला तर सगळीच चित्रे खराब होतात, आणि कडांचा ठसठशीतपणा नेहमीच्या सपाट कापांपेक्षा थोडा कमी असतो. म्हणूनच ज्या केंद्रात फक्त थ्रीडी घेऊन मोकळे होतात, त्यापेक्षा दोन्ही घेणारे केंद्र मला अधिक विश्वासाचे वाटते. गुडघ्याच्या तपासणीचा कणा आजही प्रोटॉन डेन्सिटी फॅट-सॅट नावाचा स्कॅन हाच आहे. यात चरबीचा उजळपणा दाबून टाकला जातो आणि पाणी, सूज, रक्त एवढेच चमकते. १.५ टेस्लावर चरबीतील आणि पाण्यातील हायड्रोजनच्या कंपनात सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो, त्यामुळे चरबी वेगळी ओळखून दाबणे सोपे जाते, ०.३ टेस्लावर तोच फरक ४५ हर्ट्झच्या आसपास येतो आणि हे काम अवघड होते. पुतण्याच्या पहिल्या तपासणीत हाडातील मुका मार दिसलाच नव्हता, याचे एक कारण हे असावे.

अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, आणि खरे सांगायचे तर या केंद्राविषयी लिहावेसे वाटले ते त्या अहवालामुळे. त्यात प्रथम तपासणी कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिशांनी, किती जाडीच्या कापांनी केली ते दिले होते. नंतर एसीएलविषयी स्पष्ट विधान होते: मांडीच्या हाडाकडील टोकाजवळ तंतू पूर्णपणे तुटले आहेत, उरलेला भाग आपला नेहमीचा चढ सोडून आडवा पडला आहे. या झाल्या थेट खुणा. त्याखाली आडून साक्ष देणाऱ्या खुणा नोंदवल्या होत्या: मांडीच्या हाडाच्या बाहेरील टोकाच्या मध्यावर आणि नडगीच्या हाडाच्या मागच्या-बाहेरच्या कडेवर मुका मार, नडगीचे हाड सात मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे सरकलेले, मागची क्रूसिएट लिगामेंट सैल पडून कमानीसारखी वाकलेली, सांध्यात रक्तमिश्रित द्रव. हाडांवरील ते दोन डाग एकमेकांना जुळवून पाहिले की दुखापत कशी झाली हे कळते: गुडघा आत वळला, नडगी पुढे निसटली आणि मांडीच्या हाडाचे टोक तिच्या मागच्या कडेवर आदळले. पुतण्याने सामन्याचे जे वर्णन केले होते, तेच चित्रात उमटलेले होते.

डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला अहवालात स्वतंत्र उत्तर होते. मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील लिगामेंट शाबूत आहेत असे नाव घेऊन लिहिले होते. हे साधे वाटते, पण तो कोपरा फाटलेला असताना दुर्लक्षित राहिला आणि फक्त एसीएल नवी बसवली, तर नव्या लिगामेंटवर जास्तीचा ताण येऊन ती निकामी होण्याचा धोका वाढतो. आतल्या बाजूच्या लिगामेंटला पहिल्या श्रेणीची, म्हणजे केवळ ताणाची दुखापत होती आणि तिला शस्त्रक्रिया लागत नाही. आणि मेनिस्कसच्या मागच्या टोकाविषयी लिहिले होते: मेनिस्कस आणि सांध्याचे आवरण यांच्यामध्ये द्रवाची बारीक उभी रेघ दिसते, ‘रॅम्प’ प्रकारच्या फाटीचा संशय, शस्त्रक्रियेच्या वेळी मागच्या बाजूने पाहावे. ही फाट अनेकदा निसटते, कारण एमआरआयच्या वेळी गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि फटीच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटून बसतात. शस्त्रक्रियेत सांध्यात घातलेल्या दुर्बिणीने समोरून पाहतानाही ती मेनिस्कसच्या आड लपते.

शस्त्रक्रिया कोल्हापूरला झाली. एसीएल पूर्ण तुटलेलीच निघाली, मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा घेऊन नवी बसवली गेली, आणि अहवालात सुचवले होते म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण मागच्या कप्प्यात नेऊन पाहिली तेव्हा ती रॅम्प फाटही सापडली आणि टाके घालून दुरुस्त केली. एक गोष्ट मात्र अहवालात नव्हती: मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चेला वरवरची भेग होती, ती दुर्बिणीतूनच दिसली. कूर्चेचे वरवरचे नुकसान एमआरआयमध्ये हुकण्याचे प्रमाण लिगामेंटच्या तुलनेत बरेच जास्त असते, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते. टी-२ मॅपिंग नावाच्या तंत्राने कूर्चेतील पाण्याचा बदल आकड्यांत मोजता येतो, पण ते येथे नेहमीच्या तपासणीत समाविष्ट नाही, आणि उपचाराचा निर्णय त्यामुळे बदलला नसता, म्हणून मी हा दोष मानत नाही.

पूर्ण तुटलेल्या एसीएलच्या निदानात चांगल्या यंत्रावरील एमआरआयची अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर असते. अर्धवट फाटलेल्या लिगामेंटच्या बाबतीत ती बरीच खाली येते. जुन्या दुखापतीतही अडचण असते. महिने उलटल्यावर हाडातील मुका मार विरून जातो, द्रव शोषला जातो, आणि तुटलेले टोक कधी कधी मागच्या क्रूसिएट लिगामेंटला चिकटून असे जुळते की वरवर पाहता ती अखंड वाटावी. शिवाय चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशांचा कोन करणारे तंतू काही स्कॅनमध्ये निरोगी असूनही उजळ दिसतात. रेडिओलॉजिस्ट हा आभास ओळखून दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनशी ताडून पाहतो. तालुक्याच्या अहवालातील ‘वाढलेला संकेत’ हे शब्द वाचून घाबरून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आमच्या वाडीतील एका वयस्क काकूंचा अनुभव याच केंद्रातला आहे. त्यांच्या गुडघ्यात दुखत होते, दुखापत काही झालेली नव्हती. दुसरीकडच्या अहवालात एसीएल फाटल्याचे लिहिले होते आणि घरचे शस्त्रक्रियेच्या काळजीत होते. रत्नागिरीच्या रेडिओलॉजिस्टनी तीच जुनी सीडी पाहिली, नवा तिरका काप घेतला आणि लिहिले की लिगामेंट सुजून जाड झाली आहे, तिच्यात श्लेष्मासारखा द्रव भरला आहे, पण तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मोजता येतात. हा वयोमानाचा बदल आहे, फाट नाही. डॉक्टरांनी तपासले तेव्हा गुडघा पक्का होता. त्या अहवालात मेनिस्कसची छोटी फाटही नोंदली होती, पण तिच्यापुढे ‘वयानुरूप’ असे लिहिले होते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ९९१ जणांच्या पाहणीत, पन्नाशीपुढील ज्या लोकांच्या मेनिस्कसमध्ये फाट आढळली त्यांपैकी ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघ्याची कसलीच तक्रार नव्हती. तेव्हा साठी ओलांडलेल्या माणसाने नुसत्या गुडघेदुखीसाठी आधी उभे राहून काढलेला एक्स-रे करावा आणि एमआरआय डॉक्टरांनी सांगितला तरच करावा. या केंद्रातील स्वागतकक्षातही हा सल्ला दिला जाताना मी ऐकला आहे, आणि व्यवसायाचे नुकसान सोसून दिलेला असा सल्ला दुर्मीळ असतो.

यंत्रावर चित्र लवकर तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली बसवली आहे, असे तंत्रज्ञाने सांगितले. याविषयी लोकांच्या मनात शंका असते की संगणक नसलेले काही चित्रात भरत तर नाही ना. फेसबुकची संशोधन शाखा आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र यांनी २०१८ साली सुरू केलेल्या फास्टएमआरआय प्रकल्पात गुडघ्याचीच चित्रे वापरली गेली होती, आणि नेहमीच्या सुमारे एक चतुर्थांश माहितीवरून तयार केलेली चित्रे निदानासाठी मूळ चित्रांइतकीच चालतात असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या दृष्टीने याचा खरा उपयोग म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या रुग्णाला कमी वेळ निश्चल पडावे लागते, आणि न हलता काढलेले साधे चित्र हललेल्या प्रगत चित्रापेक्षा केव्हाही चांगले.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा: रस्त्यापासून दारापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. गुडघा दुखावलेला माणूस जिथे रोज येतो, तिथे पावसाळ्यात ओल्या पायऱ्या चढाव्या लागणे हे अक्षम्य आहे. चाकाची खुर्ची आत आहे, पण ती पायऱ्यांवरून खाली कशी आणणार? मागच्या बाजूने उतार आहे असे नंतर कळले. तशी पाटी दर्शनी भागात हवी. दुसरा आक्षेप असा की फिल्म आपोआप मिळते, मात्र सर्व चित्रे असलेली सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत. फिल्मवर निवडक चित्रे असतात, आणि थ्रीडी स्कॅनचा उपयोगच मुळी सगळी चित्रे संगणकावर फिरवून पाहण्यात आहे. दुसऱ्या गावच्या शल्यविशारदाला फिल्म पाठवणे म्हणजे निम्मी माहिती घरी ठेवणे. तिसरा, शनिवारी दुपारनंतर केलेल्या तपासणीचा अहवाल मंगळवारपर्यंत रेंगाळतो, कारण रेडिओलॉजिस्ट आठवडाअखेर नसतात. त्या दिवसांत चित्रे बाहेरगावी पाठवून अहवाल मागवण्याचा पर्याय त्यांनी दिला होता, परंतु आम्ही थांबणे पसंत केले. गुडघ्याची लिगामेंट ही काही तासांत निर्णय घेण्याची बाब नसते, आणि चिठ्ठी वाचून रुग्णाला दोन प्रश्न विचारणारा डॉक्टर तिथेच असणे मला जास्त मोलाचे वाटते.

अहवाल इंग्रजीत असतो. डॉक्टरांसाठी ते योग्यच आहे. तरी खाली चार ओळी मराठीत असत्या तर खलाशी, आंबा बागायतदार किंवा शाळकरी खेळाडूच्या आईला आपल्या माणसाला काय झाले आहे ते निदान कळले असते. मी ही सूचना तेथील अभिप्राय वहीत लिहिली आहे. जूनमध्ये एकदा वीज गेल्यामुळे आमच्या मंडळाच्या एका मुलाची वेळ पुढे ढकलावी लागली. चुंबक थंड ठेवणारा द्रव हेलियम उणे २६९ अंशांवर असतो आणि त्याची शीतकरण यंत्रणा अखंड चालावी लागते, त्यामुळे जनित्रावर ती आधी चालवतात आणि तपासण्या थांबवतात. त्यांनी आम्ही निघण्यापूर्वी फोन करून कळवले, म्हणून याबद्दल माझी तक्रार नाही. पावसाळ्यात राजापूर किंवा मंडणगडसारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्यांनी मात्र सकाळी निघताना एकदा फोन करून घ्यावा.

खर्च उघड्या यंत्रापेक्षा जास्त आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपेक्षा कमी आहे. तिरके काप आणि थ्रीडी यांचे वेगळे पैसे घेत नाहीत. वेळ ठरवताना यंत्र किती टेस्लाचे आहे, गुडघ्याची स्वतंत्र कॉइल आहे का, कापांची जाडी तीन मिलिमीटर किंवा कमी असेल का, आणि अहवाल कोण वाचणार, हे चार प्रश्न फोनवर विचारावेत. येथील बाई त्यांची उत्तरे न कुरकुरता देतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील स्क्रू किंवा प्लेट असेल तर तेही सांगावे, म्हणजे धातूमुळे चित्रात येणारी विकृती कमी करणारा स्कॅन ते आधीच लावून ठेवतात. जुने एक्स-रे आणि जुनी सीडी सोबत न्यावी, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर दुखापतीची तारीख आणि नेमका प्रश्न लिहून घ्यावा, आणि परत निघण्यापूर्वी सीडी मागून घ्यावी.